जुनी आज्ञावली, नवी चौकट

रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ साली नवी दिल्लीत सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली आणि १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. २०१० साली बसविलेली प्रणाली ओपन-व्हीएमएस या जुन्या कार्यप्रणालीवर उभी राहिली. तिच्या नूतनीकरणाचे काम दिल्लीतील ‘क्रिस’ या रेल्वेच्याच संस्थेने हाती घेतले.

अशा स्थलांतरात नव्या यंत्रांपेक्षा जुन्या आज्ञावलीतील गृहीतके अधिक त्रास देतात. जुनी आज्ञावली नोंदी एकापाठोपाठ एक वाचते. उदाहरणादाखल स्पार्क ही मुक्तस्रोत चौकट घ्या (तिचा आरंभ २००९ साली बर्कली येथील विद्यापीठात झाला). ती त्याच नोंदी अनेक यंत्रांत वाटून एकाच वेळी हाताळते. उत्पन्नाची बेरीज अशी वाटता येते. प्रतीक्षायादीचे तसे नाही. एक तिकीट रद्द झाले की पुढचा प्रवासी वर सरकतो. तेथे क्रम हाच नियम. म्हणून वाटणी प्रवाशांनुसार न करता गाडी व तारखेनुसार करावी, म्हणजे एका यादीच्या सर्व नोंदी एकाच यंत्राकडे राहतात.

बँकेतही हेच दिसते. प्रत्येक खात्याचे व्याज स्वतंत्र. खातेपुस्तकातील शिल्लक मात्र आधीच्या ओळीवर अवलंबून. शिवाय दशांश अपूर्णांकांची बेरीज क्रम बदलल्यास संगणकात किंचित बदलू शकते. तेव्हा रकमा पूर्ण पैशांत मोजलेल्या बऱ्या. जुनी व नवी आज्ञावली काही काळ शेजारी-शेजारी चालवून बेरजा ताडून पाहतात. एका पैशाचा फरक आला तरी तो शोधावा लागतो, कारण कोठल्याही कागदावर न लिहिलेला एखादा नियम कधी कधी तेथेच सापडतो.