कीबोर्ड माळ्यावर टाकू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की भिवंडीतले पालक एकच प्रश्न घेऊन येतात: ‘एआयचा कोणता कोर्स लावू?’ मुलाला गणित आवडतं का, असं विचारलं की म्हणतात, ‘तसं नाही, पण स्कोप आहे ना!’ गणिताचं पुस्तक उघडताना ज्याच्या कपाळावर आठ्या पडतात, त्याला कसला स्कोप? एवढी फी तुम्ही नातेवाइकांना सांगण्यासाठी भरताय. ज्याला गणिताची खरी ओढ आहे, त्याची वाट सगळ्यांना ठाऊक आहे.

मला बोलायचंय ते हळदीत, बेंजो पार्टीत, भजनी मंडळात ‘कॅसिओ’ वाजवणाऱ्या पोराबद्दल. वाद्यकंपन्यांना आणि मोठ्या दुकानांना गावोगाव फिरून कीबोर्ड वाजवून दाखवणारे लागतात. कॅसिओ, यामाहा यांनी तबला-तानपुऱ्याचे आवाज घालून खास भारतासाठी मॉडेलं काढली आहेत. ती माहितीपत्रक वाचून विकली जात नाहीत. समोर भजनीबुवा उभे असतात. गळा काळी दोनचा, बोटं मात्र पांढरी एकला सरावलेली. ट्रान्सपोज तीनवर नेऊन बुवांच्याच हातून अभंगाची चाल वाजवून घेता आली पाहिजे. त्यांनी मींड मागितली, तर पिच बेंडच्या चाकावर डावा हात हलका हवा. हे वाद्य फक्त वरातीचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी अभिजित पोहनकरांचं कीबोर्डवरचं रागसंगीत ऐकावं.

भिवंडीच्या मुलाकडे आणखी एक भांडवल आहे. घरात मराठी, यंत्रमागांच्या गल्लीत उर्दू-हिंदी, पद्मशाली शेजाऱ्यांकडे तेलुगू. सोलापूरपासून हैदराबादपर्यंत गिऱ्हाईक त्याच्याशी मोकळं बोलेल.

या नोकऱ्या थोड्या आहेत, हेही ऐका. सतत प्रवास, लॉजवर मुक्काम, डोक्यावर विक्रीचं टार्गेट. कार्यक्रमांची कमाई लग्नसराईची आणि गणपती-नवरात्राची; चातुर्मासात लग्नं थांबतात. म्हणून बी.एन.एन. कॉलेजात बी.कॉम. चालू राहू द्या, सोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा किंवा ट्रिनिटीच्या कीबोर्डच्या ग्रेड. दहावीच्या वर्षीसुद्धा रोज तासभर रियाज झालाच पाहिजे. आणि पोरगं लहान असेल, तर हळदीची सुपारी घेताना इसार आणि परतीची गाडी तुम्ही स्वतः ठरवा. मध्यरात्री त्याला वाद्यासकट माणकोली नाक्यावर उभं राहायला लावू नका.