पहिल्या तासातला निकाल

विमान पडलं की तासाभरात कारण ठरवून मोकळं व्हायची आपली घाई तपासाच्या मुळावर येते, असं माझं स्पष्ट मत आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना कोसळलं. मुसळधार पाऊस, दृश्यमानता ७०० मीटर. विमान मोडलं, पण आतले आठही जण वाचले. पावसात विमान घसरलं, अशीच बातमी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचली. विमान अपघात तपास ब्युरोच्या प्राथमिक अहवालात मात्र ऑटोपायलट काढल्यावर विमान उजवीकडे सरकत गेल्याची नोंद आहे. घसरण म्हटली की दोष ओल्या धावपट्टीवर जातो. दिशा हवेतच सुटली असेल, तर विचारायचं ते वेगळंच: शेवटच्या क्षणी धावपट्टी नीट दिसत होती का? उतरणं सोडून पुन्हा वर का गेले नाहीत? पाऊस काय, त्या दिवशी उतरणाऱ्या बाकीच्या विमानांवरही पडत होता.

कौतुकाचंही तेच. २८ जून २०१८ रोजी चाचणी उड्डाणावरून जुहूकडे परतणारं किंग एअर सी-९० घाटकोपरच्या सर्वोदय नगरात बांधकामावर कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. वैमानिकांनी वस्ती वाचवली, असं लगेच सांगितलं जाऊ लागलं. खरंही असेल, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? दुरुस्तीची कागदपत्रं आणि त्या दिवसाचं हवामान, सगळंच तपासायचं बाकी होतं.

यावर कुणी म्हणेल, मग दोषी सुटणार का? नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो. शिक्षेसाठी पोलीस आणि न्यायालय वेगळे आहेत. शिक्षेची भीती तपासात शिरली की माणसं गप्प बसतात. अहवाल फार उशिरा येतात, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. शक्यतो १२ महिन्यांत अंतिम अहवाल द्यावा, असं तेच नियम सांगतात, आणि त्यासाठी धोशा लावलाच पाहिजे.

तोवर आपल्या हातातही काही गोष्टी आहेत. भाड्याच्या विमानातून जाणाऱ्यांनी, वैमानिक दुसरीकडे उतरू म्हणाला तर त्याच्यामागे घाई लावू नये. आणि घाटकोपर-कुर्ल्यात, विमानांच्या वाटेखाली राहणाऱ्यांनी अपघात झालाच तर अग्निशमन दलाला वाट मोकळी द्यावी, अवशेषांना हात लावू नये आणि मोबाइलवरचं चित्रण न कापता आधी तपास यंत्रणेकडे द्यावं.