जुन्या बँडसॉची कापण्याची उंची वाढवताना

वेरूळचे दहावे लेणे, म्हणजे विश्वकर्मा लेणे, सुतारांचे लेणे म्हणूनही ओळखले जाते. त्याच्या कमानदार छताला दगडातच कोरलेल्या वक्र तुळया आहेत; लाकडी बांधकामाची घडण कारागिरांनी तेथे पाषाणात उतरविली. तशी तुळई आज लाकडात घडवायची झाल्यास बँडसॉ हे सोयीचे यंत्र होय. दोन चाकांवरून फिरणारी त्याची अखंड दातेरी पट्टी वळणे कापते, तशीच जाड लाकडाच्या फळ्याही पाडते. अडचण येते ती उंचीची.

लहान कार्यशाळांतून आढळणारा बिडाचा 14 इंची बँडसॉ साधारणतः 6 इंच उंचीचेच लाकूड घेतो. त्याचा सांगाडा दोन भागांचा असून मध्ये बोल्टने जोडलेला असेल, तर त्या सांध्यात 6 इंचांचा बिडाचा ठोकळा बसवून ही उंची सुमारे 12 इंच करता येते. सांगाडा एकसंध ओतीव असेल, तर हा विचार सोडून द्यावा. बीड कापून जोडणे जिवावर बेतू शकते.

तयार ठोकळा न मिळाल्यास चिकलठाणा किंवा वाळूज येथील यंत्रशाळेतून तो करवून घेता येईल. मात्र त्याची वरची व खालची बाजू परस्परांना काटेकोर समांतर हवी. समजा, 4 इंच रुंदीच्या तळात एका कडेला 0.1 मिलिमीटर फरक राहिला. 16 इंच वर असलेल्या चाकाशी तो 0.4 मिलिमीटर होतो आणि पट्टी चाकावरून सरकू लागते. वरचा भाग जड असतो, म्हणून तो उचलण्यास दोघे असावेत. वीजजोडणी आधीच काढलेली असावी, हे वेगळे सांगणे न लगे.

ठोकळ्याबरोबर लांब बोल्ट, गाईडचा लांब दांडा व पट्टीवरील लांब संरक्षक आवरणही लागते. आवरणाचा खर्च वाचविण्याचा मोह अनेकांना होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते आवरण नसेल तर यंत्र चालवूच नये. पट्टी दोन्ही बाजूंनी फिरत असल्याने तिची लांबी 6 नव्हे, जवळजवळ 12 इंचांनी वाढते: 93½ इंचांऐवजी सुमारे 105 इंच.

उंची वाढली म्हणजे शक्ती वाढली, असे मात्र नाही. 12 इंच लाकडात इंचाला 6 दाते असलेल्या पट्टीचे 72 दाते एकाच वेळी गुंततात. दात्यांमधील खाचा भुशाने भरतात, पट्टी तापते व वाकडी जाते. अशा कामास इंचाला 3 दाते असलेली, अर्धा इंच रुंद, धारदार पट्टी घ्यावी. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर येथे दमते. एक ते दीड अश्वशक्तीची हवी. जुनी ताणस्प्रिंग दबलेली असल्यास तीही बदलावी.

गाईड नेहमी लाकडाच्या माथ्यापासून पाव इंचावर आणून ठेवावा. हातमोजे घालू नयेत आणि कापाच्या शेवटी लाकूड बोटांनी नव्हे, ढकलकाठीने पुढे सारावे. पहिला काप टाकाऊ लाकडावर घेऊन फळीची जाडी वर, मध्ये व खाली मोजावी. मध्यभागी ती फुगीर वा खोलगट आढळली, तर पट्टीचा ताण कमी आहे किंवा धार गेली आहे असे समजावे, आणि लाकूड आणखी सावकाश सरकवावे.