अरण्य आणि अंतराळ : साहस-चित्रकथांचा नकाशा

७ जानेवारी १९२९ या एकाच दिवशी अमेरिकेतील वृत्तपत्रांतून दोन चित्रमालिका सुरू झाल्या. पहिलीचा नायक बक रॉजर्स. सुमारे पाचशे वर्षांच्या निद्रेनंतर तो पंचविसाव्या शतकात जागा होतो आणि अग्निबाणांच्या व किरणशस्त्रांच्या जगात वावरू लागतो. दुसरीचा नायक टारझन. वानरांनी वाढविलेला हा इंग्रज उमरावाचा मुलगा आफ्रिकेच्या अरण्यात सत्ता गाजवितो. बरोबर पाच वर्षांनी, ७ जानेवारी १९३४ रोजी, ॲलेक्स रेमंड या एकाच चित्रकाराच्या दोन मालिका अवतरल्या. ‘फ्लॅश गॉर्डन’ ही परग्रहावरची, तर ‘जंगल जिम’ ही आग्नेय आशियातील अरण्यांतली. पुढे ‘फिक्शन हाउस’ या प्रकाशन संस्थेच्या ‘प्लॅनेट कॉमिक्स’ आणि ‘जंगल कॉमिक्स’ या दोन नियतकालिकांच्या पहिल्या अंकांवरही जानेवारी १९४० ही एकच तारीख छापलेली आढळते.

जंगलकथा आणि विज्ञानकथा यांचा असा जोडीने जन्म पुनःपुन्हा व्हावा, याला काही कारण असले पाहिजे. ते कारण समजून घेणे आणि या चित्रकथा भारतात, विशेषतः मराठीत, आल्या तेव्हा त्यांचे काय झाले ते पाहणे, हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

एका बीजाची दोन झाडे

अमेरिकन चित्रकथांचे सुवर्णयुग सामान्यतः १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’च्या आगमनापासून मोजतात आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ते संपले असे मानतात. त्यातील साहसकथांचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. एडगर राइस बरोज या लेखकाची मंगळावरील पहिली कादंबरी आणि टारझनची पहिली कादंबरी या दोन्ही १९१२ या एकाच वर्षी, ‘ऑल-स्टोरी’ या एकाच मासिकातून प्रसिद्ध झाल्या. बरोज मंगळावर गेला नव्हता हे उघडच आहे. पण तो आफ्रिकेतही कधी गेला नव्हता. मासिकात छापलेल्या मूळ कथेत त्याने आफ्रिकेच्या अरण्यात वाघ आणला होता. आफ्रिकेत वाघ नसतात हे ध्यानात आल्यावर पुस्तकात त्या वाघाची सिंहीण झाली. लेखकाच्या दृष्टीने मंगळ आणि आफ्रिका या दोन्ही जागा सारख्याच होत्या. नकाशावर त्या कोऱ्या होत्या आणि तेथे काय असावे हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी त्याचा होता.

या कोऱ्या जागेचे नियमही दोन्हीकडे सारखेच असतात. बाहेरून एक गोरा पुरुष येतो. तेथील रहिवासी दोन गटांत विभागलेले असतात : काही भोळे व निष्ठावंत, काही क्रूर व कपटी. पाहुणा पहिल्यांचा कैवार घेतो, दुसऱ्यांचा पराभव करतो आणि अखेर त्या भूमीचा रक्षक किंवा स्वामी ठरतो. १९३८ मध्ये ‘जंबो कॉमिक्स’मधून अमेरिकन वाचकांपुढे आलेली शीना ही अरण्याची राणी स्त्री असली, तरी या साच्याबाहेर गेली नाही. ‘फ्लॅश गॉर्डन’ची कथा मोंगो या ग्रहावर घडते. त्या ग्रहावरही आर्बोरिया नावाचे एक अरण्यराज्य आहेच. अग्निबाणातून इतके दूर जाऊनही नायक शेवटी जंगलातच उतरतो.

खलनायकाचा चेहराही पाहण्यासारखा आहे. मोंगोचा सम्राट मिंग याचे नाव चिनी राजघराण्याचे, लांब मिशा आणि भरजरी वस्त्रे पाश्चात्त्यांनी कल्पिलेल्या पौर्वात्य जुलमी राजाची. बक रॉजर्सचे आरंभीचे शत्रू तर मंगोलच आहेत. अंतराळ नवे होते. पण त्यात वसविलेली भीती जुनी होती आणि ती पृथ्वीच्या पूर्वेकडून नेलेली होती.

कायद्याने विचारलेला प्रश्न

१९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा आरोप करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली. ‘प्लॅनेट’ व ‘जंगल’ ही नियतकालिकेही याच सुमारास बंद पडली. या वादाचे पडसाद दिल्लीतही उमटले. १९५६ मध्ये भारतीय संसदेने तरुण व्यक्तींसाठी हानिकारक असलेल्या प्रकाशनांविषयी अधिनियम संमत केला. गुन्हे, हिंसा व क्रौर्य किंवा किळसवाणे व भयंकर प्रसंग रंगवून वीस वर्षांखालील वाचकाला बिघडवू शकणारी प्रकाशने, मग ती चित्रांतून सांगितलेली असोत वा शब्दांतून, या अधिनियमाच्या कक्षेत येतात.

कायद्याचा प्रश्न सरळ होता : या पानावर किती रक्त सांडले आहे? ज्या भूमीवर ते सांडले ती कोणाची, तेथील माणसांना नावे आहेत की नाहीत, हा प्रश्न कोणत्याही कायद्याला विचारता येण्यासारखा नव्हता. तो पुढे अनुवादकांपुढे उभा राहिला.

फँटम वेताळ होतो तेव्हा

ली फॉक याच्या लेखणीतून उतरलेली ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. चार शतकांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा तरुण किनाऱ्याला लागतो आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतो. मुलामागून मुलगा तोच मुखवटा चढवितो, म्हणून अरण्यवासी त्याला अमर समजतात. चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’, बुटक्या अरण्यवासींचे नाव ‘बांदर’ आणि देशाचे नाव आरंभी ‘बेंगाली’ व पुढे ‘बंगाला’. ही कोरी जागा कोणाच्या घरापासून फार दूर नव्हती, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगावयास नको.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ प्रकाशनाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, तेव्हा संपादकांनी ही अडचण ओळखली. देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ केले गेले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. नायकाच्या पित्याला मारणाऱ्या चाच्याचे मूळ नाव ‘रामा’ होते. त्याचा ‘रामालू’ झाला. एकेका अक्षराचे हे फेरफार किरकोळ वाटतील. पण भारतीय मुलाने आपलेच नाव चाच्याच्या तोंडावर वाचू नये, एवढी काळजी त्यांत होती.

मराठीत याहून मोठी गोष्ट घडली. फँटमला ‘वेताळ’ हे नाव मिळाले. इंग्रजीत त्याला ‘चालणारे भूत’ अशी उपाधी आहे आणि मराठी मनातला वेताळही चालणाराच आहे. कोकणात व गोव्यात तो गावाचा राखणदार मानला जातो आणि रात्री आपल्या हद्दीत फेरी घालतो, अशी श्रद्धा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळच्या आरवली येथे वेतोबाला भाविक मोठमोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. फिरून फिरून देवाच्या वहाणा झिजतात, अशी त्यामागील समजूत. ज्या मुलाने आजीकडून हे ऐकले होते, त्याला जांभळ्या कपड्यातला हा मुखवटाधारी परका वाटण्याचे कारणच उरले नाही.

अनुवादक या नात्याने मला हे नाव एकाच वेळी उत्तम आणि धोक्याचे वाटते. उत्तम अशासाठी की, परकी कल्पना मराठीत रुजविण्यास याहून समर्पक शब्द सापडणे कठीण होते. धोका असा की, या नावाने एक महत्त्वाचा फरक झाकला जातो. आरवलीचा वेतोबा गावाचा आहे; गावाने त्याला आपल्या सीमेवर बसविले आहे. फँटम मात्र बाहेरून आला आणि अरण्यवासीयांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या आज्ञेत राहिल्या. वेताळ हे नाव वाचणारा मराठी मुलगा नायकाच्या घोड्यावर बसला, हे खरे. पण मूळ कथेच्या नकाशावर त्याची जागा घोड्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या गर्दीत होती. खुद्द फॉकनेही काळाची पावले ओळखली. साठीच्या दशकात त्याने त्या देशाला लमांडा लुआगा हा आफ्रिकन डॉक्टर अध्यक्ष म्हणून दिला.

दिल्लीतील दोन उत्तरे

‘इंद्रजाल’शी संबंधित असलेले अनंत पै १९६७ मध्ये दिल्लीत आले असता त्यांनी दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. त्या काळी देशात दूरदर्शन केवळ दिल्लीतच दिसत असे. ग्रीक पुराणकथेवरील प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, अशी आठवण पै सांगत. त्याच वर्षी मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. कोऱ्या जागेला दिलेले हे एक उत्तर होते : जागा आपली, नायकही आपला. ‘इंद्रजाल’नेही १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आणून चंबळच्या खोऱ्याला त्याच मातीतला रक्षक दिला.

दुसरे उत्तर अधिक खेळकर होते. प्राण कुमार शर्मा यांनी १९७१ मध्ये दिल्लीच्या ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकासाठी चाचा चौधरी निर्माण केले. त्यांचा सोबती साबू हा गुरू ग्रहावरचा महाकाय प्राणी. साच्याप्रमाणे पृथ्वीवरच्या वीराने त्या ग्रहावर जाऊन तेथे राज्य करावयास हवे होते. येथे ग्रहवासीच पृथ्वीवर येतो, चाचींच्या हातच्या पराठ्यांवर लुब्ध होतो आणि घरचा होऊन राहतो. त्याला नाव आहे, भूक आहे, राग आहे. तो संतापला की दूर कोठेतरी ज्वालामुखी फुटतो. मोंगोवर एवढी युद्धे झाली, परंतु तेथील कोणी असे फ्लॅशच्या घरी पंगतीला बसल्याचे स्मरत नाही.

ग्रंथालयांसाठी एक विनंती

सुमारे आठशे अंकांनंतर १९९० मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ बंद पडले. दिल्लीत दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात असे जुने अंक शोधणारे वाचक असत. तो बाजार २०१९ मध्ये पदपथावरून उठून जवळच्या महिला हाटमध्ये गेला. अनेक ग्रंथालयांत मात्र चित्रकथा फाटली की तिची रवानगी रद्दीत होते, कारण ती वाङ्मय म्हणून नोंदलेलीच नसते.

हे थांबावयास हवे. मूळ अमेरिकन मालिकांचे बांधीव संग्रह निघाले आहेत. त्यांतून ‘रामा’ कोण होता ते कळेल. त्याचा ‘रामालू’ कसा झाला आणि फँटमला वेताळ कोणी मानले, हे सांगणारा पुरावा केवळ भारतीय भाषांतील त्या अंकांत आहे. ते अंक गेले तर आपल्या भाषेने परक्या नकाशावर केलेली दुरुस्तीही जाईल.

असा अंक हाती आला तर वाचकाने तो आधी मनमुराद वाचावा. साहसकथा आनंदासाठीच असते. मग पुन्हा पहिल्या पानाकडे यावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. बाहेरून कोण आले? तेथे आधीपासून राहणाऱ्या किती जणांना नाव आहे? आणि त्यांपैकी एखादा तरी स्वतःहून निर्णय घेतो काय? अरण्य असो वा अंतराळ, ती जागा कोरी होती की कोरी करण्यात आली होती, हे या तीन उत्तरांवरून ताडता येते.