डोंगरी सायकलींचें ओझें आणि जडत्वाचा नियम

माउंटन बाईक म्हणजे डोंगरांतील कच्च्या व खडकाळ वाटांसाठीं बनविलेली सायकल. तिची कीर्ति डोंगरावरून भरधाव उतरण्याची; पण माथ्यापर्यंत ती पुष्कळदां पिकअप ट्रकच्या हौद्यांत बसूनच जाते. ही रीत तिच्या बाळपणापासूनची आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत फेअरफॅक्स नांवाचें गांव आहे. त्याच्या जवळील डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं कांहीं हौशी तरुणांनीं सायकलींची शर्यत लावली. त्यांच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली फार वजनदार. चढावर त्या दामटणें कष्टाचें होई. म्हणून त्या ट्रकमध्यें घालून वर नेण्याचा प्रघात पडला. उतरतांना मागील चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे कीं आंतील वंगण जळून धूर निघे, आणि हब पुन्हां वंगणानें भरावा लागे. यावरूनच त्या शर्यतीस ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हां भरणें’, हें नांव मिळालें. पुढें १९७७ सालीं तेथील एक स्पर्धक जो ब्रीझ यांनीं अशा वाटांसाठीं मुद्दाम नवी फ्रेम घडविली.

आतां असा प्रश्न कीं, ट्रकमध्यें सायकल ठेवण्यांत शिकण्यासारखें काय आहे? उत्तर न्यूटनच्या गतीच्या पहिल्या नियमांत सांपडतें. १६८७ सालीं प्रसिद्ध झालेला हा नियम सांगतो कीं, बाहेरील बल लागल्यावांचून चालता पदार्थ आपली गति सोडीत नाहीं. यासच जडत्व म्हणतात. ट्रकचा ब्रेक ट्रकला थांबवितो; हौद्यांतील सायकलीस तो थांबवीत नाहीं. तें काम पट्ट्यानेंच करावयाचें असतें.

हिशेब करून पाहूं. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १६.७ मीटर वेग होय. या वेगाचा ट्रक २० मीटर अंतरांत थांबला, तर १५ किलोग्रॅमची सायकल सुमारे साडेदहा किलोग्रॅम वजनाइतक्या जोरानें पुढें रेटते. चार सायकलींचा रेटा ४२ किलोग्रॅमचा झाला. खड्ड्यांत चाक गेलें म्हणजे हौदा एकदम खालीं जातो, सायकल क्षणभर अधांतरीं राहते आणि मग आदळते. या उसळीनेंच सैल पट्टा निसटतो. त्याच वेगानें सुटलेली सायकल रस्त्याकडेच्या पादचाऱ्यास लागली, तर तो आघात ती १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चारमजली इमारतीवरून, अंगावर पडल्यासारखा होईल. वेग ताशीं ८० केला तर आघाताची शक्ति सुमारे पावणेदोनपट होते.

सायकली ठेवण्याच्या दोन रीति विशेष रूढ आहेत. पहिलींत पुढील चाक काढून सायकलीचा फोर्क हौद्यांत आडव्या बसविलेल्या दांडीस जखडतात. दुसरींत मागील फाळक्यावर जाड गादी घालून पुढील चाक बाहेर सोडतात. मागील चाक हौद्यांत राहतें, फ्रेमची खालची नळी गादीवर टेकते व तेथील पट्टा तिला धरून ठेवतो. सायकली दाटीनें ठेवल्यास एकीचें पॅडल दुसरीची फ्रेम खरवडतें. म्हणून मध्यें जाड कापड घालावें. सायकल आडवी ठेवणें भागच पडलें, तर साखळीची बाजू वर असावी. नाहींतर गिअरचा नाजूक भाग वांकतो. कार्बनच्या फ्रेमची नळी स्वाराचा भार लीलेनें सोसते, परंतु एकाच जागीं आवळलेल्या पट्ट्यानें ती चेपूं शकते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचें चाक काढलें असतां ब्रेकची मूठ दाबूं नये. आंतील पॅड एकमेकांजवळ येतात व मग चाक परत बसत नाहीं. पॅडांमध्यें प्लॅस्टिकचा लहान तुकडा घातल्यास ही अडचण टळते.

गादीनें किंवा चाकांनीं मागील दिवे व नंबराची पाटी झांकली जाऊं नये. मागून येणाऱ्यास आपण थांबत आहों हें कळलें पाहिजे. निघाल्यावर पांचसहा किलोमीटरांनीं थांबून पट्टे पुन्हां तपासावे, कारण धक्क्यांनीं ओझें आपली जागा धरतें आणि पट्टे सैल पडतात. माथ्यावर पोंचल्यावर चाकें फिरवून व ब्रेक दाबून पाहिल्याखेरीज कोणीही उतरूं नये. वाटेंत डिस्क वांकली असेल, तर तें सपाटीवर उभें राहून समजणें बरें. उतारावर समजणें प्राणावर बेतेल.

पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सायकल असो, भाजीच्या पाट्या असोत वा घरचें सामान असो, नियम सर्वांस एकच. गांठ बांधणाऱ्यानें केलेल्या आळसाचें मोल बहुधा तो स्वतः देत नाहीं. मागून येणारा कोणी अनोळखी मनुष्य देतो. म्हणून मुलांस ओझें बांधावयास सांगावें, आणि बांधून झाल्यावर तें हातानें हलवून पाहण्यासही शिकवावें.