सरपंच कोणाला म्हणायचं

चि. मृणाल,

रुजू झालीस, बरं वाटलं. 2024 पासून तुमच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव तुला ग्रामसेवकच म्हणणार. कॅशबुक, नमुना आठ, घरपट्टीची वसुली हे हाताखालून गेलं की येतंच. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत गेली, म्हणून जरा वेगळं सांगतो.

तुझ्या गावाला बाई सरपंच आहेत. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, तरी ऑफिसात ‘सरपंच’ अशी हाक मारली की बऱ्याच ठिकाणी ओ देतो नवरा. निवडून आलेली ती नुसती ‘वहिनी’. यात कुणाचा कट नसतो, सवय असते. पण शिपाई ‘सरपंचांना विचारतो’ म्हणत नवऱ्याची मोटारसायकल आली का बघायला लागला की ठेकेदारही त्यालाच गाठतो, गुरुजीही शाळेच्या पत्र्यांचं त्यालाच सांगतात. बाईंच्या वाट्याला सह्या उरतात. तू पहिल्या दिवसापासून त्यांना सरपंच म्हण, आणि चार माणसांत म्हण. नवऱ्याला ‘भाऊ’ म्हण, चहा विचार, पण फाइल बाईंपुढेच ठेव. लोक हसतील थोडे दिवस. मग शिपाईही तसंच म्हणायला लागेल, बघ.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू नकोस. नळाचं पाणी कुठल्या गल्लीला येत नाही, ते तिथंच कळतं. इतिवृत्तात ‘अमक्याची पत्नी’ असं न लिहिता बोललेल्या बाईचं नाव लिही.

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याचं तू ऐकलं असशील. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या ग्रामसभेने आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या पंचक्रोशीत हा ठराव करावा लागला, याचं मला हसूही आलं. दंडाने जीभ सुधारते यावर माझा फारसा विश्वास नाही. पण पारावर कुणी घाण बोलायला लागला आणि एखाद्या पोराने ‘काका, आपला ठराव झालाय’ म्हटलं, तर ते पोरगं एकटं पडत नाही. एरवी अडवणाराच शहाणा ठरवला जातो. तुझ्या गावात असा ठराव मात्र तू होऊन घुसडू नकोस. तो गावानेच मांडायला हवा.

वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने 2020 मध्येच घेतला. फलक लावणं सोपं असतं. टँकर कुठं पाठवायचा हे फोनवर सांगताना मात्र जुनंच नाव तोंडात येतं, आणि ते ऐकणारी पोरं ऑफिसबाहेर दाखल्यासाठी उभी असतात. टँकरवाल्याला नवंच नाव सांग. त्याला नाही कळलं तर समाजमंदिराची खूण दे.

तुलाही कुणी ‘ए पोरी’ म्हणेल. आजोबांच्या वयाचा असेल तर बाहेर चालवून घे. मासिक सभेत मात्र नको, कारण तिथं एखादं बिल नियमात बसत नाही असं तुला सांगावं लागणार, आणि पोरीचं कुणी ऐकत नाही.

तुझा मामा