खारट माळावरच्या सोप्या वाटा

(हा पाठ घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत मोठ्याने वाचावा. कठीण शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी दिले आहेत.)

ऑस्ट्रिया म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते आल्प्सचे बर्फाळ डोंगर. पण या देशाच्या पूर्व टोकाला, हंगेरीच्या सरहद्दीलगत, परातीसारखा सपाट मुलूख आहे. त्याचे नाव झेविंकेल, म्हणजे सरोवराचा कोपरा. ते सरोवर म्हणजे नॉयझीडल. ते लांबरुंद आहे, पण सर्वांत खोल जागीही त्याचे पाणी जेमतेम पुरुषभर. त्याचा निम्म्याहून अधिक भाग लव्हाळ्याने आणि बोरूने भरलेला आहे. जवळच आपेटलोन नावाचे गाव आहे. ऑस्ट्रियातली सर्वांत सखल जमीन याच गावाच्या शिवारात आहे. समुद्रसपाटीपासून अवघी ११४ मीटर.

सरोवराच्या पूर्वेला माळावर लहानमोठी तळी पसरलेली आहेत. गोड्या पाण्याचे तळे कोणालाही ठाऊक असते. ही तळी खारट आहेत, आणि समुद्र तर इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मग हे मीठ आले कुठून?

मीठ जमिनीतून वर येते

या माळाच्या पोटात क्षारांनी भरलेले मातीचे थर आहेत. भूजल त्या थरांतून वर झिरपते आणि येताना क्षार घेऊन येते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे हे पाणी मातीतून चढते. तळ्यांतून बाहेर जाणारा ओढा नाही. उन्हाळ्यात ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात आणि क्षार मागे राहतात. ऑगस्टच्या सुमारास कित्येक तळी पूर्ण आटतात आणि तळावर पांढरी साय धरते.

ही साय खाण्याच्या मिठाची नव्हे. तिच्यात मुख्यतः सोडा असतो. धुण्याच्या सोड्याचा आणि पापडखाराचा जवळचा नातलग म्हणा ना. पूर्वी इथले लोक ती झाडूने गोळा करीत. महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवरही अशाच सोड्याच्या पाण्याचे आहे, पण तिथला खड्डा उल्केच्या आघाताने पडला; झेविंकेलची तळी उथळ आणि गुडघाभर पाण्याची.

या क्षाराचे एक काम डोळ्यांना दिसत नाही. सोड्यामुळे तळाची चिकणमाती इतकी बारीक आणि घट्ट बसते की पाणी खाली मुरत नाही. म्हणजे पाण्याने मीठ आणले आणि मिठाने पाणी धरून ठेवले. दोघांनी एकमेकांना सांभाळले.

आटलेले तळे आणि मेलेले तळे

उन्हाळ्यात आटलेले तळे पाहून नवखा माणूस हळहळतो. पण आटणे हा या तळ्यांचा आजार नाही. आटल्यानेच क्षार घट्ट होतात. हिवाळ्यात आणि वसंतात पाऊस व भूजल वर आले की तळे पुन्हा भरते.

खरा धोका वेगळा आहे. शेतजमीन कोरडी करण्यासाठी गेल्या शतकात इथे कालवे खणले गेले. शेतीसाठी विहिरींतून पाणी उपसले जाऊ लागले. भूजल खाली गेले. आता क्षार वर चढू शकत नाहीत. उलट पाऊस उरलेले क्षार धुऊन खाली नेतो. क्षार गेले की तळाची माती सैल होते आणि पाणी मुरते. मग गवत आणि बोरू वाढतात. लांबून पाहणाऱ्याला ती जागा हिरवीगार दिसते, पण तिथले तळे मेलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथे शंभराहून अधिक तळी होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत.

कोकणातल्या वडीलधाऱ्यांना यात एक गंमत वाटेल. अलिबाग आणि पेणच्या मधला मुलूख म्हणजे खारेपाट. तिथे खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात आणि उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडतात. बांध फुटला की शेत गेले. तिथली सारी धडपड मीठ बाहेर ठेवण्याची. झेविंकेलची धडपड मीठ आत राखण्याची. पण दोन्हीकडे गोष्ट एकच. कोणीतरी दरवर्षी लक्ष ठेवले तरच जमीन टिकते.

हे लक्ष ठेवण्यासाठी १९९३ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. सरहद्दीपलीकडे हंगेरीचेही उद्यान त्याला लागून आहे. माळावर पुन्हा गुरे चरायला सोडली आहेत, कारण चराई थांबली की बोरू तळ्याच्या काठावर चढतो. लांब शिंगांची करडी हंगेरियन गुरे, पाणम्हशी आणि पांढरी गाढवे इथे चरताना दिसतात.

चालण्याच्या वाटा

इथे चढ नाही, म्हणून आजोबा आणि नातू एकाच वेगाने चालू शकतात. सायकलही चालते.

पहिली वाट लांगे लाके, म्हणजे लांब तळे, याच्याभोवतीची. आपेटलोनहून निघून पूर्ण फेरी सुमारे १० किलोमीटरची होते. ज्यांना इतके जमणार नाही त्यांनी पहिल्या निरीक्षण मचाणापर्यंत जाऊन परतावे. पाहण्यासारखे तिथेही पुष्कळ असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी कलहंसांचे थवेच्या थवे ओरडत तळ्यावर उतरतात.

दुसरी वाट इल्मित्स गावाची. उद्यानाचे माहिती केंद्र याच गावात आहे. त्सिकलाके हे तळे गावाला अगदी लागून आहे, म्हणून लहान मुलांसाठी हीच वाट बरी. ‘त्सिक’ हा तिथला क्षाराचा शब्द.

तिसरी वाट इल्मित्सहून सरोवराकाठच्या झांडेकला जाते. तिथे मचाण आहे आणि पांढरी गाढवे दिसतात. उत्तरेकडे गेल्यास श्टिंकरझे नावाची तळी लागतात. नावाचा अर्थ दुर्गंधीचे तळे! चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव.

वसंतात पक्षी पुष्कळ. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा काळा-पांढरा पक्षी, उघड्या क्षारावर अंडी घालणारा चिखल्या. शेकाट्या कोकणातल्या खाजणातही दिसतो. गावातल्या घरांच्या धुराड्यांवर पांढरे करकोचे घरटी बांधतात. इस्राएलमध्ये राहणाऱ्यांना हे करकोचे परके नाहीत. पूर्व युरोपातले करकोचे आफ्रिकेला जाता-येता इस्राएलच्या आकाशातूनच जातात. हिब्रूत त्यांना हसिदा म्हणतात. हुदहुद, म्हणजे २००८ मध्ये इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी ठरलेला दुखिफत, हाही या माळावर दिसतो.

चालताना काही गोष्टी पाळाव्यात. माळावर सावली नाही, म्हणून टोपी आणि पाणी बरोबर असावे. वारा सदैव असतो. वाट सोडून आत जाऊ नये: चिखल्याचे अंडे खड्यासारखे दिसते आणि पायाखाली सहज चिरडते. कोरडा दिसणारा तळही आत ओला असतो, पाय रुततो.

फ्राउएनकिर्खेन

या मुलखात आगगाडीने येणारा माणूस फ्राउएनकिर्खेन स्थानकावर उतरतो. ज्यू वाचकांनी इथे थोडे थांबावे.

१६७० मध्ये सम्राटाने व्हिएन्नातून ज्यूंना हाकलण्याचा हुकूम काढला. त्यांतल्या काहींना एस्टरहाझी सरदारांनी आपल्या जहागिरीत आसरा दिला. पुढे या जहागिरीतल्या सात गावांच्या जमाती ‘शेवा केहिलोत’, म्हणजे सात जमाती, या नावाने प्रसिद्ध झाल्या. फ्राउएनकिर्खेन ही त्यांतलीच एक. तिथे सिनेगॉग होते, दुकाने होती, दफनभूमी होती. पिढ्यान् पिढ्या ही माणसे याच खारट वाऱ्यात राहिली.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतला आणि या प्रांतातल्या ज्यूंना लगेच गावांतून हुसकायला सुरुवात झाली. त्यांतले कित्येक पुढे मारले गेले. फ्राउएनकिर्खेनचे सिनेगॉग पाडले गेले. दफनभूमी मात्र राहिली. तिथे जुन्या थडग्यांचे दगड रांगेने उभे आहेत. सिनेगॉगच्या जागी २०१६ मध्ये स्मृतिउद्यान उभे राहिले. सातांपैकी मॅटर्सडॉर्फचे नाव आज जेरुसलेममध्ये किर्यात मॅटर्सडॉर्फ या वस्तीला आहे.

स्थानकावरून दफनभूमीपर्यंतची वाटही सपाट आहे. तिथे डोके झाकून जावे, आणि निघताना थडग्यावर एक लहान खडा ठेवावा. ज्यांच्यासाठी ठेवणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी तो खडा.

शब्दार्थ

शिवार – गावाभोवतीची जमीन
पुरुषभर – माणसाच्या उंचीइतके
भूजल – जमिनीखालचे पाणी
क्षार – मातीतले खारट द्रव्य
मचाण – उंचावर बांधलेली बसण्याची जागा
उघाडी – बांधातून पाणी सोडण्याचे दार
खाजण – भरतीचे पाणी येणारी खाडीकाठची जमीन
जहागीर – सरदाराच्या ताब्यातला मुलूख

स्वाध्याय

१. आटलेले तळे आणि मेलेले तळे यांत फरक काय? तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘मिठाने पाणी धरून ठेवले’ हे कसे घडते ते आपल्या शब्दांत सांगा.
३. खारेपाट आणि झेविंकेल यांतले एक साम्य आणि एक फरक लिहा.
४. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या गावाजवळ मिठागर, खाडी किंवा खाजण होते का? तिथल्या पाच वस्तूंची किंवा पक्ष्यांची मराठी नावे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.
५. चर्चा करा: गावातली जमात नाहीशी झाल्यावर तिची दफनभूमी कोणी सांभाळावी? कोकणातल्या आपल्या दफनभूम्यांविषयी घरात कोणाला काय माहीत आहे?